ज्वारीचा वर्ट आणि ऑक्सिजनची छोटी टाकी

एप्रिलमध्ये सोलापुरात वरच्या टाकीतलं पाणी नळाला येतं तेव्हा हाताला चटका बसतो. दुपारी दोन वाजता मी आमच्या मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये नळाखाली थर्मामीटर धरला, तर ३४ अंश. याच पाण्यानं मला १५ लिटर उकळता वर्ट २२ अंशांवर आणायचा होता. ऑक्सिजनच्या टाकीपर्यंत मी पोचले ती या गरम पाण्यामुळेच.

वर्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य (यालाच माल्ट म्हणतात) भरडून, कोमट पाण्यात मुरवून, त्यातला स्टार्च साखरेत उतरवून गाळलेला गोड रस. तो उकळायचा, थंड करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. जगभर यासाठी सातू वापरतात. आम्ही ज्वारी घेतली, कारण सोलापुरात बसून दुसरं धान्य कशाला घ्यायचं? मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मालदांडी आमच्या घराघरात आहे, आणि ज्वारीत ग्लूटेन नसतं. ज्वारीपासून मोठ्या प्रमाणावर बिअर करता येते हे नायजेरियानं दाखवून दिलंय. १९८८ साली तिथल्या सरकारनं सातूच्या माल्टची आयात बंद केली आणि तिथल्या कारखान्यांना स्थानिक ज्वारीकडे वळावं लागलं. आपल्याकडे मात्र ज्वारी म्हणजे भाकरी, हुरडा आणि आंबील, यापुढे कुणी फारसं जात नाही. ज्वारीच्या माल्टवर यीस्ट कसं वागतं हा एमएस्सीच्या मुलांच्या प्रोजेक्टचा विषय मी त्यासाठीच दिला.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे. आम्ही जे केलं ते कॉलेजच्या लॅबमध्ये, लेखी परवानगी घेऊन, प्रत्येक लिटरची नोंद ठेवून केलं, आणि तपासण्या झाल्या की सगळं नष्ट केलं. अमेरिकेत माझा आत्तेभाऊ आहे, तो गॅरेजमध्ये गेली बारा वर्षं बिअर बनवतो. तिथं १९७८च्या कायद्यानं घरगुती बिअर केंद्राच्या पातळीवर करमुक्त झाली, दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत. त्याला जे गॅरेजमध्ये चालतं ते मला रजिस्टरमध्ये सह्या करून करावं लागतं. पण ऑक्सिजनच्या बाबतीत माझा गुरू तोच.

पहिली खेप आम्ही पुस्तकाप्रमाणे केली. ज्वारी रात्रभर भिजवली, मधून मधून पाणी बदललं, ओल्या गोणपाटावर पसरून चार दिवस मोड आणले आणि गच्चीवर दोन दिवसांत कडकडीत वाळवली. त्याबाबतीत सोलापूरचं ऊन म्हणजे वरदान. मग मोड आणि मुळ्या चोळून काढून सुपात पाखडल्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळायचं नाही. ज्वारीच्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, कारण तेच.

ज्वारीची दुसरी अडचण स्टार्चची. तो ७० अंशांच्या आसपास फुलतो, आणि तेवढ्या उष्णतेत साखर करणारी एन्झाइम्स मरायला लागतात. म्हणून भरड आधी ४५ अंशांच्या पाण्यात कालवायची, वरचं एन्झाइमचं पाणी निवळून बाजूला काढायचं, खालचा लगदा पिठल्यासारखा शिजवायचा, ६४ अंशांवर आणायचा आणि मग ते पाणी परत त्यात ओतायचं. दीड तासानं आयोडिनचा थेंब टाकला तर निळा रंग येत नाही. तो क्षण मुलांना फार आवडतो. ज्वारीला सातूसारखं टरफल नसतं, त्यामुळे गाळताना चोथ्याचा थर जमत नाही आणि सगळं मलमलीच्या कापडातून पिळून काढावं लागतं. आमचे लॅबचे मामा हे काम मनापासून करतात, श्रीखंडाचा चक्का बांधावा तसं.

हे सगळं नीट झालं. हायड्रोमीटरवर १.०४८ आलं (साध्या पाण्याला १.०००; साखर जितकी जास्त तितका आकडा वर, यीस्ट ती खात जाईल तसा तो उतरतो). वर्ट उकळला, तांब्याच्या कॉइलमधून थंड केला. कॉइलचं पाणी आधी बर्फाच्या लादीच्या बादलीतून फिरवलं, नाहीतर ३४ अंशांच्या पाण्यानं काय थंड होणार? बाटली पाच मिनिटं जोरजोरात हलवली आणि आमच्याच तिरक्या आगारवरून (नळीत तिरकी गोठवलेली पोषक जेली, तिच्यावर यीस्ट जपतात) वाढवलेलं यीस्ट सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही हालचाल नाही. मग बुडबुडे सुरू झाले, चार दिवस चालले, आणि १.०२२ वर येऊन जे थांबलं ते थांबलंच. बाटलीचं बूच उघडलं तर कच्च्या सफरचंदासारखा वास आणि त्यामागे सडक्या अंड्याची एक झुळूक. अर्धी साखर तशीच पडून होती.

मी आधी ज्वारीवर संशय घेतला. नायट्रोजन कमी पडला असेल, साखर न आंबणारी असेल. रात्री दादाला, म्हणजे त्या अमेरिकेतल्या आत्तेभावाला, व्हिडिओ कॉल केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अगं, हवा कशी दिलीस?"

"हलवली की पाच मिनिटं."

"पाण्यात किती ऑक्सिजन उतरला मोजलास?"

मोजला नव्हता. डिझॉल्व्ड ऑक्सिजनचा मीटर लॅबमध्ये आहे, आम्ही तो नाल्याचं आणि सिद्धेश्वर तलावाचं पाणी तपासायला वापरतो. वर्टमध्ये बुडवायचं मला सुचलंच नाही, हे मला आजही लागतं. वर्गात मी दरवर्षी शिकवते की यीस्टला साखरेची दारू करायला ऑक्सिजन लागत नाही. ते खरं आहे, पण अर्धं. साखर खायच्या आधी यीस्टला वाढायचं असतं, एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार. प्रत्येक नव्या पेशीच्या पडद्याला अर्गोस्टेरॉल आणि असंपृक्त मेदाम्लं लागतात, आणि ती ऑक्सिजनशिवाय तयार होत नाहीत. आई पेशी आपल्याजवळचा साठा लेकींमध्ये वाटत जाते. साठा संपला की पडदे कच्चे राहतात, दारू वाढली की पेशी टिकत नाहीत, आणि किण्वन मध्येच बसतं. वर्ट तासभर उकळल्यामुळे त्यातला होता नव्हता तो ऑक्सिजन आधीच निघून गेलेला असतो. तो परत घालावाच लागतो.

आणि सोलापुरात तो घालणं अवघड. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. साध्या पाण्यात २० अंशांना लिटरला साधारण ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६. त्यात आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, म्हणजे हवेचा दाब सुमारे पाच टक्के कमी. वर साखर विरघळलेली, ती आणखी जागा खाते. यीस्टला साधारण ८ ते १० मिलिग्रॅम हवे असतात. म्हणजे उन्हाळ्यात इथं हवा कितीही फुंकली तरी तो आकडा गाठणंच शक्य नाही. हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा. शुद्ध ऑक्सिजन दिला तर ही मर्यादा पाचपट वर सरकते. दादा म्हणाला, "तुझ्या गावाला टाकीच पाहिजे."

त्याच्याकडची टाकी म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पाण्याच्या बाटलीएवढा लाल डबा. ब्रेझिंगसाठी, म्हणजे धातूचे सांधे जोडायला, विकतात, आत जेमतेम ३० लिटर वायू, संपला की फेकून द्यायचा. इथं तसं काही मिळत नाही. इथं सिलिंडर. मी एमआयडीसीतल्या एका गॅसच्या दुकानात गेले, कॉलेजचं पत्र घेऊन. दुकानातल्या काकांनी पत्र न बघताच विचारलं, "पेशंट कुठंय?"

मी त्या दुकानासमोर आधी एकदा उभी राहिले होते, २०२१च्या एप्रिलमध्ये, काकांसाठी (माझ्या सख्ख्या काकांसाठी), रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत. रांगेत कुणी बोलत नव्हतं. काळं अंग आणि पांढरा खांदा असलेला तो सिलिंडर परत बघून पोटात गोळा आला. मी दुकानदार काकांना सांगितलं की पेशंट नाही, यीस्ट आहे, आणि ते काय ते समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चांगल्या कामाला जाऊ द्या की वो तो पण."

त्यांनी बी टाइपचा सिलिंडर दिला. पाण्याच्या मापानं १० लिटर, चौरस सेंटिमीटरला १५० किलोच्या दाबानं भरलेला, म्हणजे बाहेर काढला तर १,५०० लिटर वायू. आमच्या कामाला हे वर्षानुवर्षं पुरेल. मानेवर कोरलेली चाचणीची तारीख त्यांनी स्वतः बोट ठेवून दाखवली, दर पाच वर्षांनी दाबाची चाचणी व्हायलाच पाहिजे. वेल्डिंगचा ऑक्सिजन स्वस्त पडला असता, पण त्या टाक्या कुठून कुठं फिरून येतात त्याचा भरवसा नाही, म्हणून मी वैद्यकीयच घेतला.

लॅबमध्ये आणल्यावर व्हॉल्व्ह घट्ट होता. मामा लगेच शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन आले. मी जी ओरडले, की बाहेरची मुलं धावत आली. मला ओरडायला नको होतं, मामांचा त्यात काय दोष? पण दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा किंवा ग्रीसचा थेंब लागला तर ठिणगी न पडताही पेट घेऊ शकतो. नंतर मी त्यांना शेजारी बसवून सगळं सांगितलं आणि त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लिहून सिलिंडरला अडकवली: "तेल नाही. ग्रीस नाही. तेलकट हात नाही." तेव्हापासून डबा खाल्ल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय ते कुणालाही टाकीजवळ येऊ देत नाहीत. सिलिंडर उभा, साखळीनं भिंतीला बांधलेला, बर्नरपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला. व्हॉल्व्ह हळू, पाव फेरा. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बघायचं. हे आम्ही पहिल्या आठवड्यात एकदा विसरलो आणि सकाळी दाबाचा काटा ३० किलोनं खाली आलेला. तीनशे लिटर ऑक्सिजन रात्रभरात खोलीत मिसळला. वायुविजन चालू होतं म्हणून बरं.

दवाखान्यात फ्लोमीटरला, म्हणजे मिनिटाला किती लिटर वायू जातो ते दाखवणाऱ्या नळीला, पाण्याची बाटली लावतात, रोग्याच्या नाकाला कोरडं पडू नये म्हणून. ती काढून टाकायची. त्या पाण्यात जंतू वाढतात आणि ते थेट वर्टमध्ये जातात. तिच्या जागी ०.२२ मायक्रॉनचा निर्जंतुक फिल्टर लावला. साध्या फ्लोमीटरमध्ये १५ लिटरपर्यंतची पट्टी असते, तिच्यावर अर्धा लिटर वाचताच येत नाही, गोळी नुसती थरथरते. लहान बाळांसाठीचा कमी प्रवाहाचा फ्लोमीटर मागवला आणि मग काम जमलं. नळीच्या टोकाला दादानं पाठवलेला स्टीलचा छिद्रमय दगड. छिद्रं अर्ध्या मायक्रॉनची, बोराच्या बीएवढा जीव. त्याला बोट लावायचं नाही, बोटाच्या तेलकटपणानं छिद्रं बुजतात. वापरण्याआधी दहा मिनिटं उकळायचा. वापरून झाला की स्वच्छ पाण्यात वायू सोडून आतला वर्ट बाहेर काढायचा आणि परत उकळायचा.

मग खरी तुलना. एकच वर्ट, २३ अंशांवर, पाच-पाच लिटर, तीन अ‍ॅस्पिरेटर (तळाशी तोटी असलेल्या) बाटल्यांत. पहिली पाच मिनिटं हलवली. दुसरीत माशांच्या टाकीचा पंप फिल्टर लावून अर्धा तास चालवला, फेस बाटलीच्या तोंडापर्यंत आला म्हणून तीनदा थांबावं लागलं. तिसरीत ऑक्सिजन, मिनिटाला अर्धा लिटर, फक्त तीस सेकंद.

ते तीस सेकंद मी बाटलीच्या काचेला नाक लावून बघितले. पंपाचे बुडबुडे वाटाण्याएवढे असतात, भुडूक करून वर येतात आणि फुटतात. दगडातून जे निघालं त्याला बुडबुडे म्हणवत नाही. तळाशी एक पांढुरकं धुकं सुटलं, उसाच्या रसासारख्या त्या पिवळट वर्टमध्ये दुधाचा थेंब पडावा तसं, आणि ते वर यायच्या आधीच पातळ होत होत विरत गेलं. पृष्ठभागावर बारीक साय धरली, बास. एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "मॅडम, विरघळताना दिसतोय." बुडबुडे जितके बारीक तितका तेवढ्याच वायूचा एकूण पृष्ठभाग मोठा आणि वर यायला वेळ जास्त, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. डोळ्यांनी त्या दिवशी बघितलं.

नमुने बीओडीच्या बाटल्यांत (पाण्यातला ऑक्सिजन तपासायच्या, घट्ट बुचाच्या) तळापासून भरून मीटर लावला. हलवलेली लिटरला ३.१ मिलिग्रॅम. पंपाची ६.४. ऑक्सिजनची ९.२.

मग यीस्ट, तिन्हींत मोजून सारखं. एप्रिलची खोली ३६ अंशांवर, म्हणून बाटल्यांना ओले सोलापुरी टॉवेल गुंडाळून पंखा सोडला. आपली हवा कोरडी, त्यामुळे आत २५-२६ राहिलं. ऑक्सिजनच्या बाटलीनं आठव्या तासाला श्वास सोडला. पंपाची तेराव्या तासाला, हलवलेली एकोणिसाव्या. सहाव्या दिवशी हलवलेली परत १.०२२ वर अडकली, जुन्याच वासासकट. पंपाची १.०१४. ऑक्सिजनची १.००९, आणि तिचा वास स्वच्छ होता, भाजलेल्या ज्वारीचा, थोडा केळ्याकडे झुकणारा. म्हणजे ज्वारीत खोट नव्हती. मी तिच्यावर उगाच आळ घेतला होता.

पुढच्या खेपेत एक चूक झाली, ती सांगायला हवी. तिसऱ्या दिवशी बुडबुडे मंदावले तसं एका मुलानं, चांगल्या हेतूनं, परत तीस सेकंद ऑक्सिजन दिला. तेव्हा काहीच जाणवलं नाही. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. यीस्टची वाढ संपल्यावर दिलेला ऑक्सिजन त्याच्या कामाचा नसतो, तो चवीच्या द्रव्यांना जाऊन भिडतो. द्यायचा तो वर्ट थंड झाल्यावर आणि यीस्ट सोडतानाच. गरम वर्टमध्येही नाही. तिथं तो विरघळत तर नाहीच, रंग आणि चव मात्र बिघडवतो. फार दाट वर्ट असेल, १.०७५ च्या वर, तर बारा तासांच्या आसपास दुसरा छोटा डोस देतात. आम्ही गूळ घालून एकदा करून बघितलं, जमलं. आणि पाकिटातलं कोरडं यीस्ट वापरत असाल तर टाकीची गरज फारशी पडत नाही. कारखान्यात ते भरपूर हवेत वाढवलेलं असतं, मेदाचा साठा घेऊनच येतं. तिरक्या आगारवरून वाढवलेल्या किंवा मागच्या खेपेच्या गाळातल्या यीस्टला मात्र हवाच.

निकाल दादाला कळवले तेव्हा त्याच्याकडे सकाळ होती. त्यानं आकडे कागदावर उतरवून घेतले, तीनही. मग विचारलं, "बर्फ न वापरता, ३० अंशांवर दिलास तर किती उतरतो?"

हे अजून केलेलं नाही. मे महिन्यात परीक्षा आहेत, लॅब जूनमध्ये मोकळी होईल, तोवर पाणी जरा निवेल. म्हणून मी मामांना या रविवारीच बोलावलंय. १२ लिटर वर्ट लागेल, ज्वारीला कालच मोड आलेत, आणि काट्यावर ९५ किलो शिल्लक आहे.